अपुरा पत्ता

टपाल खात्यात मी चौतीस वर्षं नोकरी केली. त्यातली निम्मी वर्षं सॉर्टिंगच्या टेबलावर गेली. ज्या पाकिटावरचा पत्ता धड नसे, ते वेगळ्या खणात पडायचं. ‘पत्ता अपुरा’ असा शेरा मारून ते परत पाठवणं सोपं होतं, पण मी ज्यांच्या हाताखाली शिकले ती जुनी माणसं तसा शेरा लवकर मारत नसत. नुसतं ‘रामपूर’ लिहिलेलं पाकीट ती उजेडात धरायची. शिक्का कुठल्या कचेरीचा आहे, अक्षराचं वळण कुठल्या मुलखाचं आहे, आडनाव काय आहे, हे बघायची. पाकीट कुणाचं तरी आहे आणि त्याला जायला जागा आहे, एवढं त्यांनी मनाशी धरलेलं असे. बाकी सगळा शोध त्यानंतरचा.

या स्मरणिकेसाठी श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचा इतिहास लिहायला बसले, तेव्हा तो खण पहिल्यांदा आठवला. संस्थेत मी काम केलेलं नाही. पण मानसिक आजारात घर सुटून रस्त्यावर आलेल्या माणसांना बरं करून त्यांच्या गावी पोचवण्याचं हे काम मला माझ्या नोकरीच्या अंगानं कळतं. शिवाय आमच्या घरातल्या एका गोष्टीमुळे ते फार जवळचं वाटतं. ती गोष्ट पुढे येईलच.

संस्थेची सुरुवात एका करवंटीपासून झाली. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी हे मानसोपचारतज्ज्ञ दांपत्य तेव्हा मुंबईत बोरिवलीला खासगी व्यवसाय करत होतं. एका हॉटेलात दोघं जेवायला बसले असताना त्यांना बाहेर रस्त्यावर एक तरुण दिसला. हाडं वर आलेली, केस अस्ताव्यस्त, अंगावर लक्तरं. तो गटारापाशी वाकला, हातातली नारळाची करवंटी त्या पाण्यात बुडवली आणि ते पाणी प्यायला.

असा माणूस मुंबईत कुणी पाहिलेला नाही असं नाही. आपण पाहतो, पोटात ढवळतं, नजर वळवतो. इथे पाहणारे दोघे त्याच आजाराचे डॉक्टर होते. समोरच्या मुलाला काय झालंय ते त्यांना जागेवरूनच ओळखू येत होतं, आणि त्यावर आपल्या दवाखान्यात औषध आहे हेही. त्यांनी त्याला आपल्या रुग्णालयात नेलं. आंघोळ घातली, खाऊ घातलं, स्किझोफ्रेनियावरचे उपचार सुरू केले. तो सावरला तेव्हा कळलं की मुलगा बी.एस्सी. आहे, त्यानं वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका घेतलेली आहे, घर आंध्रातल्या कडप्प्याला आहे आणि वडील तिथल्या जिल्हा परिषदेत अधीक्षक आहेत. घरचे आले. आपला मुलगा त्यांनी परत नेला.

ही हकीकत अनेकांनी लिहिली आहे आणि बहुतेकांना त्यातली करवंटी लक्षात राहते. मला राहतो तो पत्ता. कडप्पा, जिल्हा परिषद कार्यालय. पिन घालायचा तर ५१६००१. असा पत्ता पाकिटावर असता तर आमच्या टेबलावर ते एक मिनिटसुद्धा थांबलं नसतं. हा पूर्ण पत्ता त्या मुलाच्या डोक्यात गटाराशी वाकतानाही होता. औषध पोटात जाईपर्यंत तो बाहेर येऊ शकत नव्हता, इतकंच. १९८८ साली ‘श्रद्धा’ उभी राहिली ती या एका अनुभवावर, आणि पुढच्या सगळ्या वर्षांत संस्थेनं जे केलं त्याचं मूळ सूत्र या पहिल्या मुलातच आहे.

स्किझोफ्रेनियाची सुरुवात बहुतेकदा पंधरा-सोळा ते तिशी या वयात होते. म्हणजे मूल शिकायला बाहेरगावी जातं, पहिली नोकरी धरतं, मुलीचं लग्न ठरतं, नेमक्या त्याच वेळी. आधी झोप जाते. मग मुलगा खोलीतून बाहेर येईनासा होतो, अभ्यास सुटतो, चेहरा कोरा होतो. घरच्यांना वाटतं आळस आहे, संगत वाईट लागली आहे, प्रेमभंग झाला आहे. कानात आवाज येऊ लागतात, शेजारी आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटू लागतं, आईनं वाढलेल्या ताटात विष दिसू लागतं. ज्याला ताटात विष दिसतं तो मुलगा घरात थांबेल कसा? तो निघतो. स्टेशनवर जी गाडी उभी असेल तिच्या जनरल डब्यात चढतो आणि गाडी संपते तिथे उतरतो. आपल्या देशातल्या किती गाड्या मुंबईत येऊन संपतात ते आपल्याला माहीतच आहे.

२०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून जास्त माणसं बेघर म्हणून मोजली गेली. बेघर हा शब्द सगळ्यांना एकाच रकान्यात घालतो. कुणाचं शेत गेलेलं असतं, कुणाची झोपडी पाडलेली असते. मी ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांच्यातल्या पुष्कळांचं घर जागेवर असतं, दाराला कडी असते, आत माणसं असतात. त्यांना फक्त तिकडची वाट सापडत नसते.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझा मावसभाऊ बार्शीचा. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होता. वर्षभर घरात विचित्र वागत होता. मावशीनं नवस केले, देवऋषी झाला, एका मठात अकरा अमावास्या झाल्या. डॉक्टरकडे न्यावं असं कुणी सुचवलं नाही असं नाही, पण ‘वेड्याचा डॉक्टर’ म्हटल्यावर घरातल्या मोठ्यांनी हात झटकले. एके दिवशी पहाटे दार उघडं दिसलं. पोलिसांत हरवल्याची तक्रार लिहायला मी मावशीबरोबर होते. वय २१, उंची पाच फूट सहा इंच, रंग सावळा, केस बारीक, दाढी नाही, अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. मावशीनं शर्टाच्या खिशावर शाईचा डाग असल्याचंही लिहायला लावलं.

पुढे कित्येक वर्षं जिथे जाऊ तिथे मावशी निळ्या चौकड्यांच्या शर्टाकडे बघायची. मला फार उशिरा उमगलं की तक्रारीतला मुलगा आणि रस्त्यावरचा मुलगा सहा महिन्यांत एकमेकांशी जुळेनासे होतात. शर्ट कधीच गेलेला असतो. केस खांद्यावर येऊन त्यांच्या जटा होतात, दाढी छातीपर्यंत येते, रंग उन्हानं आणि मळानं काळा पडतो, वजन निम्म्यावर येतं. खुद्द आई समोरून गेली तरी तिला ओळख पटणार नाही. म्हणून अशा केंद्रात माणूस आणला की कात्री आणि वस्तरा घेऊन बसणाऱ्याच्या कामाला मी फार मान देते. जटांतून कात्री जात नाही, केस मुळापासून मशिननं काढावे लागतात. उवा असतात, कानामागे जखमा असतात, कधी जखमेत अळ्या असतात. माणूस घाबरलेला असतो, डोक्याला त्यानं हात लावू दिला तरच काम पुढे सरकतं. पण दाढी उतरते, साबणाचं पाणी तीनदा काळं होऊन चौथ्यांदा स्वच्छ येतं, आणि त्याखालून बावीस-चोवीस वर्षांचा चेहरा निघतो. फोटोशी जुळणारा.

सुरुवातीला संस्थेचा पसारा म्हणजे दोन खोल्या होत्या. एका वेळी तिघांना ठेवता येईल एवढीच जागा. रस्त्यावरून माणूस उचलून आणायचा, बरा करायचा, घर शोधायचं, पाठवायचं, मग पुढचा. पैसा दोघांच्या खासगी व्यवसायातून येत होता. काळही आजचा नव्हता. मोबाइल नव्हते. कडप्प्याला बोलायचं तर ट्रंक कॉल नाहीतर एसटीडी, आणि गाव आडबाजूचं असलं तर पोस्टकार्ड टाकून उत्तराची वाट बघायची. कायद्याचं पुस्तक १९१२चं होतं. इंडियन ल्युनसी ॲक्ट त्याचं नाव. नवा मानसिक आरोग्य कायदा १९८७ साली संमत झाला होता, पण अमलात यायला १९९३चा एप्रिल उजाडला. दरम्यान रस्त्यावरच्या मनोरुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या वाटा ठरलेल्या होत्या. भीक प्रतिबंधक कायद्याखाली पकडला तर भिक्षेकरी गृह, दंडाधिकाऱ्यांपुढे नेला तर ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीचं मनोरुग्णालय. बहुतेकांच्या वाट्याला यातलं काहीच न येता फूटपाथच यायचा.

संस्थेला स्वतःची वास्तू मिळाली त्यामागेही रस्त्यावरचाच एक माणूस आहे. सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकवणारे एक गृहस्थ आजारात भटकत असलेले संस्थेला सापडले. ते बरे झाले तेव्हा त्यांच्या संस्थेतली माणसं आणि चित्रकार मंडळी हलली. आपल्यातला, आपल्याला शिकवणारा माणूस असा रस्त्यावर होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे त्यांना लागलं असणार. शंभरावर चित्रकारांनी चित्रं दिली, प्रदर्शन भरलं, त्यातून निधी उभा राहिला. त्या पैशांतून १९९७मध्ये दहिसरला वीस खाटांचं केंद्र झालं. मला ही गोष्ट फार समाधानाची वाटते. एका शिक्षकाच्या दुखण्यातून वीस अनोळखी माणसांची सोय झाली.

दहिसरच्या आसपासच्या रहिवाशांना हे केंद्र नको होतं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि निकाल संस्थेच्या बाजूनं लागला. त्या रहिवाशांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. वेडा माणूस अंगावर धावून येतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, सिनेमात तेच पाहिलं आहे. वस्तुस्थिती उलट आहे. गंभीर मानसिक आजार असलेला माणूस दुसऱ्याला इजा करण्यापेक्षा स्वतः मार खाण्याची शक्यता कितीतरी जास्त. रस्त्यावर तर त्याला पोरं दगड मारतात, दुकानदार पाणी फेकतात. मुलगी असेल तर काय होतं ते मी लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळतं. अशा मुलींना रात्रीच्या आत छपराखाली आणणं हाच पहिला उपचार आहे.

दहिसरची जागा अपुरी पडणारच होती. बाबा आमटे यांच्या भेटीनंतर वाटवानी दांपत्यानं मोठं केंद्र उभारण्याचं मनावर घेतलं. कुष्ठरोग्यांना गावानं टाकलं होतं आणि बाबांनी त्यांच्यासाठी गाव वसवलं. रस्त्यावरच्या मनोरुग्णालाही गावानं टाकलेलंच असतं, त्यामुळे बाबांना त्याचं मोल वेगळं सांगावं लागलं नसेल. २००६मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ वेणगावला सुमारे साडेसहा एकर जागेत १२० जणांची सोय असलेलं केंद्र सुरू झालं. कर्जत मुंबईकरांना वडापावासाठी माहीत आहे, आम्हा टपालवाल्यांना घाटासाठी. पुण्याकडे निघालेल्या गाड्यांना भोर घाट चढायला इथे मागून जादा इंजिनं जोडतात. गाडी काही मिनिटं थांबते, मागून रेटा मिळतो, मग ती वर चढते. कर्जतला केंद्र झालं हा योगायोगच, पण मला तो बरोबर वाटतो.

इथे येणारा माणूस साधारण दोन-तीन महिने राहतो. सुरुवातीचे दिवस शरीराचेच असतात. रक्त कमी, क्षय, पायाच्या जखमा, पोटात जंत. कित्येक दिवसांत शिजलेलं अन्न मिळालेलं नसतं, म्हणून एकदम भरपेट वाढूनही चालत नाही. मानसिक आजारावरची औषधं सुरू होतात. या औषधांचा इतिहास १९५२मधल्या क्लोरप्रोमाझिनपासूनचा. मग हॅलोपेरिडॉल आलं, नव्वदच्या दशकात रिस्पेरिडोन, ओलान्झापिन आली. जो रोज गोळी घेणार नाही त्याच्यासाठी दोन ते चार आठवडे पुरणारं इंजेक्शन आहे. यातली बरीचशी औषधं आपल्याकडे स्वस्तात तयार होतात, नाहीतर देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला एवढ्या माणसांना फुकट औषध देणं झेपलं नसतं. औषधांना त्रासही असतो. कुणाचे हात थरथरतात, अंग ताठतं, कुणाचं वजन वाढतं, कुणी दिवसभर पेंगतो. डोस वरखाली करत बसवावा लागतो.

आणि मग एका दिवशी तो बोलतो. आधी चहा मागतो. मग शेजारच्या खाटेवरच्याचं नाव विचारतो. कधीतरी गावाचं नाव येतं, आणि इथून माझ्या ओळखीचं काम सुरू होतं.

‘रामपूर’ म्हणाला. उत्तरेत रामपूर नावाची गावं किती असतील त्याला गणतीच नाही. एकाच नावाच्या गावांचा आणि वेगवेगळ्या भाषांत लिहिलेल्या पत्त्यांचा हा घोळ टपाल खात्यालाही फार छळत होता. त्यातूनच १५ ऑगस्ट १९७२ला पिन कोड सुरू झाला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे मोठे पंडित. आजारातून नुकत्याच वर येणाऱ्या मुलाला पिन आठवत नाही. त्याला आठवतं ते वेगळंच. म्हणून प्रश्नही वेगळे विचारावे लागतात. थाना कुठला पडतो? बाजार कुठल्या वारी भरतो? नदी उन्हाळ्यात आटते का? रेल्वे जवळ की बस? शाळा किती यत्तांपर्यंत? बोलीवरून मुलूख कळतो. भोजपुरी आहे की मैथिली, तेलुगू कडप्प्याकडची आहे की किनाऱ्याकडची, हे त्या भागातल्या माणसाला चार वाक्यांत समजतं. संस्थेनं निरनिराळ्या प्रांतांतले, निरनिराळ्या भाषा बोलणारे समाजसेवक ठेवले आहेत ते यासाठी. मुंबईच्या बाजारू हिंदीत विचारलेल्या प्रश्नाला जे उत्तर येत नाही ते आपल्या बोलीत विचारल्यावर येतं. मग त्या ठाण्याला फोन, ठाण्यातून चौकीदाराला निरोप, चौकीदाराकडून घरी. आता नकाशे मोबाइलवर आहेत, स्टेशनचं चित्र दाखवून ‘हेच का?’ असं विचारता येतं. अलीकडे देशात काही ठिकाणी असंही झालं आहे की हरवलेल्या माणसाचं आधार कार्ड काढायला नेलं, तर बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघाले आणि त्यावरून घर सापडलं.

फोन लागला म्हणजे काम संपलं असं होत नाही. संस्थेचे लोक त्याला घेऊन रेल्वेनं जातात. दोन दिवसांचा प्रवास, मग बस, मग जीप, मग पायी. घरी पोचल्यावर रडारड होते, गाव जमतं. त्या गर्दीलाच आजार म्हणजे काय, हे भूतबाधा का नाही, गोळी का बंद करायची नाही, हे समजावून सांगायचं असतं. माझ्या मते इथे संस्थेनं फार शहाणपण दाखवलं आहे. ज्या गावात एक मुलगा मेला असं समजून दिवस घातले गेले आणि तो स्वच्छ कपड्यांत, नाव-गाव सांगत परत आला, त्या गावाला मानसिक आजारावर औषध आहे हे पटवायला दुसरं भाषण लागत नाही. लोकांना हे पटणं किती गरजेचं आहे ते ६ ऑगस्ट २००१ला तामिळनाडूतल्या एरवाडीत दिसलं. दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या तिथल्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांना तिथे आणून ठेवणारे बहुतेक घरचेच होते, आणि बरं वाटावं म्हणूनच त्यांनी आणलं होतं.

संस्थेवर एक आक्षेप घेतला जातो, त्याविषयी लिहिलं पाहिजे. सगळ्यांना घरी पाठवण्याचा हा आग्रह का? घर नेहमीच बरं असतं का? ज्या मुलीला नवऱ्यानं मारून हाकललं तिला कुठे पोचवायचं? ज्याचे आईवडील गेले आणि भावांना वाटणी द्यायची नाही, त्याचं काय? हे प्रश्न खरे आहेत. चेन्नईत वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोघींनी ऐन विशीत, १९९३ साली ‘द बनियन’ सुरू केली. घरी जाऊ न शकणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी साध्या वस्तीत भाड्याची घरं घेऊन चार-पाच जणींना एकत्र राहण्याची सोय केली, मदतीला एक माणूस दिला. अहमदनगरला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी ‘माउली’त अशा स्त्रियांना कायमचा आसरा दिला. दोन्ही कामं मोलाची आहेत आणि दोन्ही लागतात.

पण ‘श्रद्धा’नं कायमचा आश्रम व्हायचं टाळलं ते मला पटतं, आणि त्याचं कारण साधा हिशेब आहे. खाटा १२०. प्रत्येक जण अडीच महिने राहिला तर वर्षाला साडेपाचशेच्या वर माणसांना त्या पुरतात. प्रत्येक जण कायम राहिला तर १२० जणांची सोय होते आणि एकशे एकविसाव्याला दार बंद. एकशे एकविसावा त्या वेळी दादरच्या पुलाखाली बसलेला असतो. त्याची आई कुठेतरी निळ्या चौकड्यांचा शर्ट शोधत असते.

घरी गेल्यावरची वाट मात्र अजून फार खडतर आहे, आणि तिथे एकट्या संस्थेचं चालत नाही. तीन महिने मुलगा नीट वागतो, शेतावर जातो, मग कुणीतरी म्हणतं, आता बरा आहे की, गोळ्या कशाला? गोळ्या थांबतात आणि काही आठवड्यांत झोप जाते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा पातळीवरचा १९९६चा. तरीही खेड्यातल्या बापाला महिन्याच्या औषधासाठी पुष्कळदा जिल्ह्याचं गाव गाठावं लागतं. एक दिवसाची मजुरी जाते, वर एसटीचं भाडं. मानसोपचाराची साधी औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळू लागली, तर कितीतरी मुलांना दुसऱ्यांदा ती गाडी पकडावी लागणार नाही. हे मी मागणं म्हणून लिहिते आहे.

कायदा मात्र पुढे आला आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १००नं पोलिसांवर स्पष्ट जबाबदारी टाकली. भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण हद्दीत दिसला तर ठाणे अंमलदारानं त्याला संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. आणि बेघर असेल तर व्यक्ती हरवल्याची तक्रार नोंदवून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. हरवल्याची तक्रार आजवर फक्त घरच्यांकडून, बार्शीच्या टोकाकडून व्हायची. आता जिथे माणूस सापडला त्या टोकाकडूनही तक्रार लिहिली जायला हवी असं कायदाच म्हणतो. दोन्ही टोकांनी शोध सुरू झाला तर मध्ये कुठेतरी गाठ पडेल. प्रत्येक ठाण्यात हे कलम ठाऊक असतंच असं नाही. वाचकांपैकी कुणी अशा माणसासाठी पोलिसांना फोन केला आणि पलीकडून टोलवाटोलवी झाली, तर कलमाचा आकडा शांतपणे सांगावा.

२०१८मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो लडाखच्या सोनम वांगचुक यांनाही मिळाला होता. तोवर संस्थेनं सात हजारांहून जास्त माणसांना घरी पोचवलं होतं. पुरस्कारामुळे नाव झालं, मदत वाढली. मी त्या सात हजारांचा विचार वेगळ्या रीतीनं करते. सात हजार वेळा कुणीतरी गावाचं नाव उच्चारलं, कुणीतरी ते नकाशावर शोधलं, आणि कुणाच्या तरी अंगणात जीप थांबली.

एक काळजी सांगून थांबते. पूर्वीच्या मुलांना फोन नंबर पाठ असायचे. घरचा नाही तर वाण्याचा, वडिलांच्या कचेरीचा. आजाराच्या धुक्यातूनही ते आकडे कधीकधी वर यायचे. आज विशीतल्या मुलाला विचारा, आईचा नंबर सांग. तो मोबाइल काढतो. मोबाइल हरवला, आणि रस्त्यावर तो पहिल्या दिवशीच जातो, की नंबर गेला. आपल्या घरात कुणी असं आजारी असेल तर एक नंबर त्याच्याकडून घोटून घ्या, लहान मुलाकडून पाढे घेतो तसा.

माझ्या मावशीनं बार्शीच्या घरचा लँडलाइन कधी बंद केला नाही. घरात तीन मोबाइल झाले, बिल भरायला जायचं कोण यावरून भांडणं झाली, तरी नाही. तो नंबर त्याला पाठ होता. मावशीला जाऊन आता सहा वर्षं झाली. माझी मावसबहीण त्या घरात राहते, आणि फोनचं बिल ती भरते.